पुढचं टायर

मन्मथअप्पा, कुत्रं नव्हतं.

लातूरच्या दवाखान्यात चार दिवस जो कुणी भेटायला आला त्याला तुम्ही एकच सांगितलं, की कुत्रं आडवं आलं म्हणून गाडी पडली. मीही तेच सांगितलं. पोलिसांच्या कागदावर तेच उतरलं. चाकूरला तुम्हाला माती दिली त्या दिवशी खड्ड्याभोवती उभी असलेली माणसं हळू आवाजात तेच बोलत होती. त्याला आता महिना होत आला. मधल्या काळात काय काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, आणि ते सांगायचं तर मलाच सांगावं लागेल. काही गोष्टी तुम्हाला चांगल्याच माहीत होत्या, पण त्या मी कधी तोंडाने कबूल केल्या नाहीत. त्याही आज लिहितो.

आपली ओळख झाली ती लातूरला रेल्वेने पाणी येत होतं त्या उन्हाळ्यातली. नांदेड जिल्ह्यातून माझी बदली झाली होती. बायको उमरीला शाळेत शिकवायला, मुलं तिच्याजवळ, आणि मी चाकूरला एका खोलीत एकटा. नवा जिल्हा, ओळखीचं कुणी नाही, आणि काम म्हणजे तीन तालुक्यांतल्या ठरलेल्या विहिरींवर जाऊन पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं. त्या वर्षी टेपच्या टोकाला खडू लावून खाली सोडला की टेप कोरडाच वर यायचा. विहिरी सगळ्या रानात. कुठे मुरमाची वाट, कुठे बैलगाडीची चाकोरी, कुठे नदीच्या कोरड्या पात्रातूनच जायचं. साध्या गाडीवरून दोनदा पडलो, तेव्हा नांदेडहून ती उंच गाडी जुनी म्हणून घेतली. डांबरावरही चालणारी आणि रानातही चालणारी. पुढचं चाक एकवीस इंची, आऱ्यांचं. कंपनीने ती बनवणं बंद केलेलं. घेताना मला ते फार मोठं वाटलं नाही.

गाडी दर पंचवीस किलोमीटरला बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की आपोआप चालू व्हायची. लातुरात दोघांनी कार्बोरेटर साफ केला, तिसऱ्याने प्लग बदलला. फरक शून्य. चौथे तुम्ही, चाकूरचेच मिस्त्री. तुम्ही पान्याला हात लावला नाही. माझ्या मागे बसलात आणि म्हणालात, "चला, बंद पडूस्तोवर फिरू." अष्टामोडच्या अलीकडे गाडी थांबली. तुम्ही खाली उतरून टाकीचं झाकण उघडलं, तशी आत हवा ओढल्याचा आवाज आला. एखादा माणूस बुडताबुडता वर येऊन श्वास घेतो तसा.

"ऐकलाव का?" तुम्ही विचारलं. "टाकीला दम घेता येईना गेलाय. झाकणाचं बारीक भोक धुळीनं बुजलंय. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरंना. इंजिनाची काय बी चूक न्हाई."

खिशातून टाचणी काढून तुम्ही ते भोक मोकळं केलं. परत येताना गाडी एकदाही थांबली नाही. तुमच्या दुकानात पोचल्यावर तुमच्या घरच्या, जगदेवी वैनींनी अर्धा अर्धा कप चहा दिला आणि आधीच सांगितलं, की टँकर आला न्हाई, म्हणून अर्धाच हाय. मी नांदेडकडचा, इकडे नवीन, असं कळल्यावर तुम्ही म्हणालात, "आमचा जिल्हा बी नवाच हाय की. माझ्यापेक्षा धाकटा. लातूर जिल्हा झाला तवा मी चौथीत होतो. शाळेत पेढा दिला, आन पेढ्यावर पाणी बी दिलं. आता म्हणतेत उदगीर जिल्हा होणार. पेढा देतील. पाणी कुठून आणतील ते बगा."

तिथून पुढे आठ वर्षं मी ती गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही.

टायर कसं निवडायचं ते तुम्हीच मला शिकवलंत, म्हणून हे लिहिताना हात थांबतो. मी आल्याआल्याच म्हणालो होतो, की मला बटन टायर घालून द्या. रबराचे सुटे सुटे चौकोनी गुट्टे असलेलं, शर्यतीच्या गाड्यांना असतं तसलं. मला ते आवडायचं. दिसायलाच ते रानातलं दिसतं. तुम्ही हातातलं काम खाली ठेवून विचारलं, "गाडी कुठं चालवावं वाटतंय ते सांगू नका. कुठं चालवता ते सांगा." मी हिशेब सांगत गेलो. चाकूर ते फाटा डांबरी. फाटा ते गाव डांबरी. गाव ते विहीर मुरूम. असं बघत गेल्यावर दहा किलोमीटरमधले आठ डांबराचेच निघाले.

"मंग बटन टायर घेऊन काय करायलाव? डांबरावर ते गुट्ट्यावरच उभं ऱ्हातंय. ब्रेक दाबला की सरकतंय. आन पावसाळ्यात काळ्या रानात गेलाव तर गुट्ट्यात माती भरून ते बी सपाटच होतंय. वल्ल्या काळ्या रानात कुठलंच टायर चालत न्हाई, मिलिंदराव. तिथं गाडी बांधावर लावायची आन चालत जायचं."

मग तुम्ही हैदराबादहून दोन्हीच्या मधलं टायर मागवलंत. नक्षी खोल, पण गुट्टे एकमेकांना जोडलेले. ते तीन वर्षं चाललं. ते टायर झिजेपर्यंत मी कधी पडलो नाही, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं.

त्या काळातला एक दिवस मला फार आठवतो. एप्रिलचा होता. नळेगावच्या बाजूला एका विहिरीपाशी मागचं चाक पंक्चर झालं. फोनला रेंज नव्हती. बांधावर चढून कसाबसा तुम्हाला फोन लावला. दीड तासाने तुम्ही गळ्यात ट्यूब अडकवून, हातात पंप घेऊन, शेवटचा तुकडा उन्हात चालत आलात. तुमची मोटारसायकल त्या चाकोरीत येत नव्हती. ट्यूब कशी घालायची ते तुम्ही मला स्वतःच्या हाताने करायला लावलं. माझ्याकडून दोनदा चिमटली. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "घाई करू नका. विहीर काय पळून जाईना गेली."

तिथे त्या शेताचे म्हातारे मालक आले. मी टेप सोडला होता. त्यांनी विचारलं, "साहेब, किती हाय?" तळाला वीतभरसुद्धा पाणी नव्हतं. त्यांचं तोंड बघून मी म्हणालो, "आहे अजून, चालेल महिनाभर." म्हातारे समाधानाने गेले. तुमच्या मोटारसायकलपर्यंत परत येताना तुम्ही मागे बसून बोललात. "तुमी खोटं बोललाव. आता ते जनावरं विकायचे थांबतील. पंधरा दिवसांनी जनावरं बी जातील आन भाव बी. जो आकडा हाय तो सांगावा माणसाला. दया आली तर मागून पाणी न्यावं, पण आकडा खरा सांगावा." मी गाडी वळवली, म्हाताऱ्यांना गाठलं आणि खरं सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या. तुम्ही बाजूला उभे राहून त्या ऐकल्यात.

असं सांगणारा माणूस मरताना मला कुत्र्याची गोष्ट सांगायला लावतो, अप्पा. यावर मी तुमच्याशी भांडणार होतो. ते भांडण राहिलं.

आता त्या टायरचं.

हैदराबादचं टायर झिजत आलं त्या सप्टेंबरात मी नदीकाठच्या ओल्या रानात पडलो. गुडघा सुजला. दोष माझा होता. तुम्ही सांगितलं होतं तसं गाडी बांधावर लावून चालत जायला हवं होतं. पण मला स्वतःचा दोष दिसला नाही, टायरचा दिसला. शनिवारी उमरीला जाताना नांदेडला एका दुकानात शिरलो. एकवीस इंचीचं बटन टायर वर टांगलेलं होतं, एकच. तुम्हाला विचारलं असतं तर नको म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. घेतलं आणि गाडीला बांधून चाकूरला आणलं. एखाद्या मुलाने बापाला न विचारता बुलेट आणावी तसा मी तुमच्या दारात उभा होतो.

तुम्ही टायर हातात घेऊन फिरवलंत. कडेला बारीक ठसा असतो, त्यावर बोट ठेवलंत. "हे चार आकडे वाचलाव का? पहिले दोन आठवडा, मागचे दोन साल. साडेतीन वरसं झाली ह्याला जन्मून. सगळा वेळ हे दुकानात उन्हात टांगून होतं."

आकडे वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी वाचले नव्हते. ते कबूल करायला नको म्हणून म्हणालो, "गुट्टे तर अख्खे आहेत."

"गुट्टे अख्खेच ऱ्हातील. रबर आतून मरतंय. टायरला झीज असती तसं वय बी असतंय."

तरी तुम्ही ते बसवून दिलंत, कारण गाडी माझी होती. त्यानंतर प्रत्येक वेळी गाडी आली की तुम्ही आधी पुढच्या टायरच्या कडेवर अंगठा दाबून बघायचात. दुसऱ्या वर्षी बारीक चिरा दिसू लागल्या. तिसऱ्या वर्षी नख जाईल एवढ्या. तुम्ही सांगत राहिलात. पुढच्या चाकाच्या फोर्कमधून तेल गळायला लागलं, तुम्ही सील बदललं आणि टायरचं सांगितलं. चाक लचकलं, तुम्ही एकेक आरा वाजवून, आवाज जुळवून सरळ केलं आणि टायरचं सांगितलं. मी दर वेळी पुढची मोजणी झाली की बघू म्हणायचो. पैशाची अडचण नव्हती. ते टायर काढायचं म्हणजे चार वर्षांपूर्वी मी चुकलो होतो, हे तुमच्यासमोर मान्य करायचं होतं. एवढीच अडचण होती.

गेल्या दिवाळीत तुम्ही जरा जोरात बोललात. "मिलिंदराव, हे टायर आता मी गाडीला ठिवणार न्हाई. हैदराबादला फोन लावायलो." दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मला ते लागलं. मी म्हणालो, "तुम्हाला टायर विकायचंय म्हणून चार वर्षं भीती घालताय का?"

तुम्ही फोन खाली ठेवलात. त्या मापाचं टायर तुम्ही उभ्या आयुष्यात मला सोडून कुणाला दिलं नव्हतं. तेही आणलं त्याच किमतीला. हे मला माहीत होतं. दोन महिने आपण बोललो नाही. नंतर वैनींनी वेळ अमावस्येच्या सणाला मला जेवायला बोलावलं. रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीपाशी बसून आपण भज्जी-भाकरी खाल्ली, आंबील प्यालो, आणि सगळं पूर्ववत झालं असं दोघंही धरून चाललो. पण मी ते वाक्य परत घेतलं नाही, आणि तुम्ही त्यानंतर टायरचं पुन्हा काढलं नाहीत. अंगठा मात्र दाबून बघायचात.

मे महिन्यात गाडीला नवीन दुखणं लागलं. तापली की इंजिन अचानक बंद. झाकणाचं भोक मोकळंच होतं. तुम्ही सकाळी तासभर बसून वायरी तपासल्यात. हँडल डावीकडे वळवलं की बंद, सरळ केलं की चालू. हँडलच्या खाली वायरींचा गठ्ठा वळतो तिथे एक तार वरून साबूत आणि आतून तुटलेली निघाली. तुम्ही ती कापून जोडलीत आणि वरून नळी चढवलीत. तुमच्या चेहऱ्यावर त्या दिवशी समाधान होतं. दुखणं सापडलं की तुमचा चेहरा असाच व्हायचा.

"गरम झाल्याबिगर कळणार न्हाई. फाट्यापुढं एक चक्कर मारून येतो."

"मी येऊ?"

"बसा. ऊन लई हाय."

माझं हेल्मेट घालून तुम्ही गेलात. जाण्याआधी पुढच्या टायरवर अंगठा दाबलात. हे मी पाहिलं. मी खुर्चीत बसून राहिलो.

नागनाथचा फोन आला. फाट्यावरचा हॉटेलवाला, तुमचा लहानपणापासूनचा दोस्त. मी दुसऱ्याच्या गाडीवर बसून पोचलो तेव्हा तुम्ही लिंबाच्या सावलीत पाठ टेकून बसला होता. अंगावर फार रक्त नव्हतं. मला वाटलं, वाचलो. गाडी रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली. पुढच्या टायरची कड हाताच्या पंजाएवढी फाटून बाहेर आलेली. तुम्ही मला त्या टायरकडे बघताना बघितलं. मग जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणालात, "कुत्रं आडवं आलं, मिलिंदराव."

हँडल पोटात बसलं होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी पोट उघडलं. आतून फार नुकसान झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वैनी मुरुडहून आलेल्या तुमच्या मुलीला आणायला खाली गेल्या. तेवढा वेळ आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "अप्पा, ते टायर..."

तुम्ही हात वर केलात. "कुत्रं आलतं. घरी दुसरं काय सांगायचं न्हाई. तुमाला ह्याच गावात ऱ्हायचंय. ह्याच घरी भाकर खायची हाय. ठरलं का?"

मी म्हणालो, "हाव."

त्या वेळी मला हलकं वाटलं, अप्पा. हे तुम्हाला सांगायलाच हवं. तुमच्या नाकात नळी, हाताला सुई, आणि मला हलकं वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

पुढचं तुम्हाला माहीत नाही.

माती दिल्यावर आठ-दहा दिवसांनी नागनाथने फाट्यावरची कुत्री मारली. भाकरीत औषध घालून. पाच होती. कोरड्या ओढ्यात टाकून दिली. मला दुकानासमोर भेटला आणि स्वतः सांगितलं, "अप्पाला खाल्लं त्येंनी. सोडतो काय." त्याचे डोळे लाल होते. तो दारू पीत नाही. मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. खोलीवर आलो, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्याकडे गेलो. एका कुत्रीला दूध होतं. पिल्लं कुठे दिसली नाहीत.

म्हातारा शेतकरी पंधरा दिवसांनी काय गमावेल याचा तुम्ही विचार केला होता. कुत्र्याची गोष्ट सांगताना पुढचा विचार केला नाहीत. मीही केला नाही.

पोलिसांनी गाडी सोडली होती. मी ते टायर रिमवरून उतरवलं. तुम्ही शिकवल्यासारखं, घाई न करता. पोत्यात घातलं आणि दुपारी तुमच्या घरी गेलो. वैनी एकट्याच होत्या, तूर निवडत बसलेल्या. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. टायर कधी घेतलं, तुम्ही किती वेळा सांगितलंत, दिवाळीला मी काय बोललो, दवाखान्यात काय ठरलं. सगळं. कुत्री मेली तेही.

वैनींनी सूप बाजूला ठेवलं. "दाखवा."

मी पोतं उघडलं. त्यांनी टायर मांडीवर घेतलं आणि फाटलेल्या जागेच्या बाजूला अंगठा दाबला. चिरा उघडल्या.

"हे त्येंना दिसलं होतं?"

"हाव. निघताना बघितलं त्यांनी."

"मंग बसले कशाला?"

"मला माहीत नाही, वैनी."

"तुमी बसू दिलं कशाला?"

मी उभा होतो. त्या शिव्या देतील, टायर फेकून मारतील असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. त्या अगदी बारीक आवाजात बोलल्या, आणि मला ते जसंच्या तसं आठवतं.

"चार दिवस मी त्येंच्या उशाला बसले, मिलिंदराव. मी इचारायची, कुत्रं कसलं होतं. ते सांगायचे, तांबडं होतं. शेपूट तुटकं होतं. डावीकून आलं. सगळं रचून सांगायचे. मी त्या कुत्र्याला शिव्या देत बसायची, आन ते ऐकत पडायचे. बोलायची ताकद तेवढीच होती त्येंच्यात. तेवढी कुत्र्यातच संपली. मला दुसरं काय बी बोलता आलं न्हाई. पोरीचं न्हाई, दुकानाचं न्हाई, माझं न्हाई. तुमाला जपलं त्येंनी. मला का न्हाई जपलं?"

"तुमी जावा आता," त्या म्हणाल्या. टायर त्यांनी ठेवून घेतलं.

तिथून फाट्यावर गेलो. नागनाथ चहा गाळत होता. त्यालाही सांगितलं. त्याने किटली खाली ठेवली नाही, गाळतच राहिला. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "मंग ती कुत्री?" मला चहा दिला नाही. आता मी त्या फाट्यावर थांबत नाही, आणि तोही मला हाक मारत नाही. गावात बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. तुम्ही म्हणाला होतात ते खरं निघालं, अप्पा. याच गावात राहायचं आहे, आणि ते अवघड आहे. किराणा दुकानात मी गेलो की बोलणं थांबतं. बायको म्हणते, बदली मागा, उमरीला परत या. मी अर्ज केलेला नाही. पळाल्यासारखं होईल.

नऊ दिवस वैनींचा काही निरोप नव्हता. काल सकाळी त्यांनी शेजाऱ्याकरवी बोलावलं. दुकानात लोकांच्या तीन गाड्या उघडून पडल्यात. कोणता भाग कुणाचा ते त्यांना ओळखता येईना. तुम्ही प्रत्येक गाडीचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात ठेवायचात आणि झाकणाखाली कागदाची चिठ्ठी घालायचात, हे मला माहीत होतं. दोन तास आम्ही डबे जुळवले. कामापुरतंच बोललो. शेवटच्या गाडीचा मालक आपलं सामान घेऊन गेला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"त्येंची माफी मागितलीत का तुमी? दवाखान्यात?"

"नाही."

"का?"

"ते बोलू देत नव्हते, वैनी."

"बोलू तर मला बी दिलं न्हाई," त्या म्हणाल्या. मग रिकामा डबा फळीवर ठेवत म्हणाल्या, "पर तुमाला वेळ होता. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत."

त्यांनी शटर ओढलं. मी कुलूप लावून किल्ली त्यांच्या हातात दिली. जाताना त्या म्हणाल्या, "मला सांगून काय व्हायचंय? ज्येंचं त्येंना सांगा."

म्हणून सांगतो, अप्पा. तुम्ही आता हात वर करणार नाही.

टायर मेलेलं होतं. तुम्ही चार वर्षं सांगितलंत, आणि मी ऐकलं नाही, कारण ते मी आणलेलं होतं. दिवाळीला मी जे बोललो ते खोटं होतं, आणि बोलत असतानाच मला ते कळत होतं. त्या सकाळी तुम्ही अंगठा दाबलात तेव्हा मी खुर्चीतून उठून, राहू द्या, जाऊ नका, एवढं म्हणू शकत होतो. तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही बरोबर होता हे तुमच्यासमोर मान्य करावं लागेल म्हणून गिळलं.

माझी चूक झाली. मला माफ करा.

तुमच्यावरही माझा राग आहे. तो मी लपवत नाही. तुम्ही मला वाचवायला नको होतं. ते चार दिवस वैनींचे होते.